डेलच्या डब्यातलं पाणी

३ सप्टेंबर
ठरलं. पुढच्या वर्षी या खोलीत झाडू घेऊन नाही, वही घेऊन शिरायचं. युनिव्हर्सिटीत कथा लिहायला शिकवणारा हा दोन वर्षांचा कोर्स. माझी शाळा दहावीत सुटली; पण गोष्ट सांगायला दहावी कशाला? थोरल्या भावावर, डेलवर पुस्तक लिहीन, असं आईला सांगूनच केंटकीतलं घर सोडलं. रोज एक पान. उद्यापासून.

१९ सप्टेंबर
पान झालं नाही. फरशीचं पॉलिश होतं.
माझ्याबरोबर झाडणारा एमोस म्हणाला, लॉनी, मी याच कोर्सची पदवी घेतलीय, सहा वर्षं झाली, बघ माझ्याकडे. बघितलं. म्हणजे शिकून जिथं पोचायचं, तिथं मी आधीच पोचलोय. निम्मं काम झालं.

७ ऑक्टोबर
वर्गातली मॅरेन मागं थांबली होती. इथला नियम सांगितला तिनं. ज्याच्या कथेवर चर्चा, त्यानं तोंड उघडायचं नाही. बाकीचे चिरफाड करणार, त्यानं ऐकायचं. म्हटलं, आमचा सुपरवायझर रोज घेतो असा वर्ग. खूप हसली. तिच्या मनात काहीतरी आहे.

२२ ऑक्टोबर
मॅरेनला थोरल्या भावाचं, डेलचं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी खाणीचं छत कोसळलं. त्याचा जेवणाचा डबा माझ्या हातात दिला होता. वरच्या कप्प्यात आईची सफरचंदाची करंजी तशीच. खालचा पाण्याचा कप्पा कोरडा. म्हणजे तो लगेच गेला नाही; आत अडकून पाणी संपेपर्यंत जिवंत होता. आईला वाटतं, क्षणात गेला. तिला देण्याआधी मी त्यात पाणी भरलं. हे कुणालाच सांगितलं नव्हतं.
मॅरेन रडली. हात धरून म्हणाली, हे कुणीतरी लिहायलाच हवं. कुणीतरी म्हणजे मी. मुलीनं आणखी किती उघड बोलायचं?

१५ नोव्हेंबर
पहिलं वाक्य झालं. डेल डावखुरा होता. झकास. बाकीचं आता सोपं.
अर्जात पदवीचा रकाना आहे. कोरा सोडला. कथा वाचल्यावर कोण विचारतंय.
एमोस म्हणतो, त्या पोरीपाशी सगळं ओकू नकोस. जळतो.

४ डिसेंबर
वर्गातल्या रद्दीच्या पेटीत मॅरेनच्या कथेच्या चौदा प्रती. खाण, करंजी, कोरडा कप्पा, पाणी भरणारा भाऊ. नावं तेवढी बदललीत. समासात शेरे. करंजी काढ, रडकी वाटते. भाऊ जरा शिकलेला कर. आणि तिघांनी लिहिलंय, शेवटी आईला पाण्याचं कळू दे. त्याखाली मॅरेनचं अक्षर: पटलं.
माझ्यासाठी कच्चा आराखडा करत असेल. अर्जाची तारीख जवळ आलीय ना.

२० फेब्रुवारी
अर्ज राहिला. पाकिटाला पोस्टाचं तिकीट आणायचं होतं.
मॅरेन जिन्यात भेटली. कथा मोठ्या मासिकानं घेतली. तेवढ्यावर एका कॉलेजात शिकवायची नोकरीही मिळतेय. म्हणाली, तुझ्यामुळे, लॉनी, थँक यू. विचारायचं होतं, शेवटी आईला कळतं का? तोंड उघडलं नाही.
नियमच आहे.

१ मार्च, रविवार
आईचा फोन. डेलचं कुठवर आलं? म्हटलं, चालू आहे. म्हणाली, लॉन्या, होतं तसंच लिही, पदरचं घालू नकोस. आणि आधी मला वाचून दाखव.
डबा पुसायला खाली काढलाय तिनं. त्यातलं पाणी आटत चाललंय, म्हणाली. थोडं भरू का?
भर, म्हटलं.