सुरतच्या सहा रात्री बनावट ठरवल्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
नभोमित्र प्रवास-लाभ योजना,
मुख्य कार्यालय, मुंबई.

अर्जदार : श्रीमती हीराबाई बन्सीलाल छाजेड, वय ७१, रा. शहादा, जि. नंदुरबार.

विषय : 'उडा, राहा, फिरा' सवलतीत कमावलेली सुरत–दिल्ली विमानाची दोन तिकिटे परत मिळणेबाबत, तसेच अर्जदारास खोटे ठरवणारा शब्द मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) आपले दि. १९ एप्रिल २०२५ चे इंग्रजी पत्र. २) आपल्या मदत क्रमांकावर मी केलेले अकरा फोन, ज्यांची आपल्याकडे नोंद नाही असे कळते.

सोबत : हॉटेलच्या तीन पावत्या, गाडीच्या तीन पावत्या, विमानाचे दोन फाटके पास, डॉक्टरांची चिठ्ठी.

महोदय,

अर्जात 'सविनय' लिहिण्याची पद्धत आहे म्हणून सविनय लिहिते. विनय आहे असा त्याचा अर्थ आपण घेऊ नये.

१. मी शहादा येथील कापड व्यापारी कै. बन्सीलाल छाजेड यांची पत्नी असून मराठी सातवी पास आहे. महिला मंडळाची बावीस वर्षे चिटणीस होते, त्यामुळे अर्ज कसा लिहितात हे मला कोणी शिकवायला नको. मोबाइलवर आलेले आपले पत्र माझा नातू जिनेश याने त्याच दिवशी छापून आणून वाचून दाखवले आणि मध्येच थांबला. "पुढचं राहू दे दादीसा," म्हणाला. मी त्याला पुढचे वाचायला लावले. माझे सहा मुक्काम संगणकाच्या तपासणीत 'बनावट' आढळल्याने दोन्ही तिकिटे रद्द केली आहेत, असे त्यात होते. एकाहत्तर वर्षांत हा शब्द मला कोणी लावला नव्हता. आपण तो छापील कागदावर लावलात आणि खाली सहीसुद्धा केली नाहीत.

२. आपणास माहीत नसेल म्हणून सांगते. आमच्या जैन समाजात वर्षीतप नावाचे तप असते. एक दिवस पूर्ण उपवास, एक दिवस दोन वेळा बसून जेवण, असे तेरा महिने. उपवासाच्या दिवशी उकळून गार केलेले पाणी, तेही सूर्यास्तापर्यंतच. गेल्या वर्षी फाल्गुन वद्य अष्टमीला मी हे तप सुरू केले. येत्या ३० तारखेला, अक्षय तृतीयेला, ते पुरे होऊन उसाच्या रसाने पारणे व्हायचे आहे. भगवान ऋषभदेवांचे पारणे हस्तिनापूरला झाले, म्हणून आपलेही तिथेच व्हावे अशी माझी इच्छा होती. दिल्लीपर्यंत विमान आणि पुढे गाडी, असे ठरले होते.

३. आपली सवलत माझ्या नातसुनेने, फाल्गुनीने, मोबाइलवर दाखवली. पाच महिन्यांत दोन विमानप्रवास, आपल्या यादीतल्या हॉटेलात सहा मुक्काम आणि तीन वेळा भाड्याची गाडी, एवढे केल्यास देशात कुठलीही दोन तिकिटे फुकट. माझा मुलगा गौतमचंद म्हणाला, "बाई, सरळ तिकीट काढून देतो, हे कशाला?" त्याला व्यापारातले कळते, नेमातले कळत नाही. मला मात्र आपली सवलत वाचताच पटली. इतके दिवस, इतक्या वेळा, मोजून, खंड न पाडता. अशी कामे मी आयुष्यभर केली आहेत. आपण ती जाहिरात म्हणून छापली होती आणि मी ती नेम म्हणून घेतली. चूक झाली असेल तर ती एवढीच आहे.

४. विमानाचे दोन प्रवास आपण मान्य केलेत. सुरतहून जयपूर आणि जयपूरहून सुरत. तिथे खुर्चीला पट्टा बांधून बसवतात, त्यामुळे मी नव्हते असे म्हणायला आपल्याला जागा राहिली नसावी. त्याबद्दल आभार मानण्याचे कारण दिसत नाही.

५. आता मुक्काम. सुरत हे फाल्गुनीचे माहेर. तिच्यासोबत मी नोव्हेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीत अशी तीनदा गेले, दरवेळी दोन रात्री. ती माहेरी राहिली. व्याह्यांच्या घरी मुक्काम टाकून तपाची बडदास्त करून घेणे आमच्यात बरे दिसत नाही, म्हणून मी आपल्या यादीतल्या हॉटेलात एकटी उतरले. तिसरी खेप तर केवळ सहाचा आकडा पुरा करण्यासाठी होती, सुरतला माझे दुसरे काही काम नव्हते.

आपले म्हणणे असे की त्या सहाही रात्री खोलीत कोणी नव्हते. पुरावे आपण असे दिले आहेत : दिवा लागला नाही. थंड हवेचे यंत्र लागले नाही. टीव्ही लागला नाही. गाद्यांना सुरकुती नाही. पाण्याच्या बाटल्या सीलबंद. साबणाचा कागद फाडलेला नाही. नाश्त्याला कोणी आले नाही. लिफ्टमध्ये कार्ड वापरले गेले नाही.

हे सर्व खरे आहे. मी एकही गोष्ट नाकारत नाही. खोलीत शिरल्यावर भिंतीतल्या खाचेत कार्ड घालावे लागते, मगच वीज सुरू होते, हे मला पोऱ्याने दाखवले होते. मी कार्ड घातले नाही, कारण सूर्यास्तानंतर मी प्रतिक्रमणाला बसते, म्हणजे दिवसभरातले आपले दोष आठवून त्यांची माफी मागते, आणि त्या वेळी विजेचा दिवा मला चालत नाही. त्यानंतर मी झोपते, त्याला दिवा लागत नाही. झोपते ती माझ्या चटईवर, जमिनीवर. पाणी माझे घरून उकळून आणलेले. टॉवेल माझा. पहिल्या मजल्याला लिफ्ट कशाला हवी? उपवासाच्या दिवशी नाश्ता कोण करणार? आणि जेवणाच्या दिवशी फाल्गुनी स्वतःच्या हाताने केलेला डबा घेऊन येत असे.

माझ्या शेजारच्या खोलीत कोणी गृहस्थ होते. त्यांचा टीव्ही पहाटेपर्यंत चालू, यंत्र चालू, दिवे चालू, आणि सकाळी त्यांच्या दाराबाहेर निम्मे टाकलेले ताट. त्यांचा मुक्काम आपण डोळे मिटून मान्य केला असणार. म्हणजे आपल्याकडे खाल्ले, सांडले आणि जाळले तरच माणूस राहिला असे धरतात. ज्याने काहीच बिघडवले नाही तो आलाच नव्हता. हा नियम जाहिरातीत का छापला नाही, याचा लेखी खुलासा व्हावा.

६. तिसऱ्या गाडीबाबतही आपण पत्रात टोमणा मारला आहे, म्हणून लिहिते. मार्चमध्ये आमच्या साध्वीजी जवळच्या प्रकाशा गावाहून शहाद्याला पायी येत होत्या. त्या वाहनात बसत नाहीत. सोबत चालणाऱ्या कोणा म्हाताऱ्या बाईला वाटेत चक्कर आली तर असावी, म्हणून मी आपली गाडी घेतली, चालक उदेसिंग. साध्वीजी पायी असताना मी गाडीत बसणे शक्य नव्हते, मीही चालले. गाडी रिकामी, आमच्या मागे, आमच्या चालीने. आपल्या कार्यालयातून उदेसिंगला चार वेळा फोन आला की गाडी बंद पडली काय. तो बिचारा सांगत होता, "गाडी चालू शे साहेब, पुढे महाराजसाहेब पायी चाली ऱ्हायनात." तरी आपण गाडी ओढून नेणारी दुसरी गाडी पाठवलीत. ती गाडीही मग शहाद्यापर्यंत आमच्या मागे आली, कारण तिला वळायला जागा नव्हती. लोकांना वाटले छाजेडांकडे वरात आहे.

'सभासदाने प्रत्यक्ष प्रवास केला नाही' असे आपण लिहिता. मी प्रकाशा ते शहादा प्रत्यक्ष पायाने आले आहे. नियमात 'गाडी भाड्याने घ्यावी' एवढेच आहे, 'बसावे' असे नाही. नियमाची प्रत माझ्याकडे आहे. आपल्याकडे नसल्यास पाठवीन.

७. आपल्या मदत क्रमांकावर अकरा वेळा फोन केला. दहा वेळा वाद्य ऐकले. अकराव्या वेळी सुनिता नावाची मुलगी बोलली. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "आजी, सिस्टीममध्ये तुम्ही दिसतच नाही." मुलगी सालस होती, तिच्यावर माझा राग नाही. राग आपल्यावर आहे, आणि तो आपल्या हुद्द्यावर नसून प्रत्यक्ष आपल्यावर आहे, हे नमूद करते.

८. दुसरे तिकीट धनुबाई पाटील यांचे होते. त्या आमच्याकडे अठरा वर्षे दूध घालतात. तपाच्या तेरा महिन्यांत रोज संध्याकाळी त्या मला धरून उपाश्रयात, म्हणजे साध्वीजी उतरतात त्या जागी, नेत आल्या, कारण उपवासाच्या दिवशी माझे पाय लटपटतात. पारण्याचा ऊस त्यांच्या शेतातला न्यायचा ठरला होता. तिकीट रद्द झाल्याचे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, मी तं नवं लुगडं लई ठेयेल शे, आते ईमान कोठे शे?" नवे लुगडे घेऊन ठेवले, आता विमान कुठे, असे त्या विचारतात. याचे उत्तर आपण द्यावे. पुढे त्यांनी आपली बाजूही घेतली, की खाणेपिणे नाही, खाटेवर झोपणे नाही, तर कळणार कसे, तेही प्रामाणिकपणे लिहिते : "तू तठे खास नई, पेस नई, खाटवर निजस नई, मंग त्यास्ले कशे कळी तू तठे व्हती?" त्या दिवशी मी धनुबाईंशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलले.

९. पैसे भरून तिकीट काढा, असे आपण सुचवाल. गौतमचंदने तेही करून पाहिले. आपण काढून घेतलेल्या जागा त्याच दिवशी विकल्या गेल्या आणि आता त्या विमानात, आदल्या आणि नंतरच्या विमानात जागा नाही. रेल्वेची प्रतीक्षायादी कुठल्या कुठे गेली आहे, कारण अक्षय तृतीयेला देशभरातले वर्षीतप करणारे तिकडेच निघतात. शहाद्याहून मोटारीने मला एवढ्या लांब न्यायला डॉक्टरांनी मनाई केली आहे, चिठ्ठी सोबत आहे. म्हणजे आपण पारण्याच्या अकरा दिवस आधी कळवून माझा रस्ता नीट बंद केलात. कामाची ही तत्परता फोन उचलताना दिसली नाही.

१०. इथपर्यंत तिकिटांचे झाले. ते आता बाजूला ठेवा, कारण गोष्ट त्यापुढे गेली आहे.

साध्वीजींकडे मी तक्रार घेऊन गेले. त्यांनी शांतपणे सांगितले की पारणे शहाद्यातही होते, ऊस इथलाही गोडच आहे. पण पारण्याआधी सगळ्यांना क्षमा करायची आणि सगळ्यांची क्षमा मागायची. मनात कोणाबद्दल वैर ठेवून तप पुरे होत नाही.

त्याची तयारी मी वर्षभर करत आले होते. ज्या जावेशी एकोणीस वर्षे बोलले नव्हते तिच्या घरी जाऊन पाया पडले. सामाईक भिंतीवरून चुलत दिरांना कोर्टात खेचले होते, त्यांना 'मिच्छामि दुक्कडम्', म्हणजे माझ्या चुकीची क्षमा असावी, असे म्हणून आले. गौतमचंदच्या वडिलांना, ते गेल्यानंतर अकरा वर्षांनी, एका गोष्टीसाठी माफ केले. ती गोष्ट अर्जात लिहिण्यासारखी नाही. एकेक करून सगळे संपत आले होते. कोणी उरले नव्हते. मला फार हलके वाटत होते, महोदय. आणि १९ तारखेला आपले पत्र आले.

सहा दिवस मी प्रयत्न करत आहे. संध्याकाळी डोळे मिटून सगळ्या जिवांना क्षमा करते, पाण्यातल्या, मातीतल्या, झाडावरच्या, आणि आपल्यापाशी येऊन अडते. आपला चेहरा मला माहीत नाही, नाव माहीत नाही. नुसता तो शब्द दिसतो. मी त्या खोलीत होते. अंधारात बसून मी दिवसभर कोणाला काय टाकून बोलले ते आठवत होते, आणि त्याच बैठकीला आपण खोटे म्हणता. तोंडाने 'क्षमा केली' म्हणता येईल. पण ते म्हणणे मात्र खरोखरच बनावट होईल, आणि तेवढ्यासाठी मी तेरा महिने घालवलेले नाहीत.

मी घरात सांगून टाकले आहे की हा राग जाईपर्यंत पारणे करणार नाही. तीस तारीख उलटली तरी उपवास चालू राहील. फाल्गुनी रडते. गौतमचंद दुकान बंद करून दाराशी बसून राहतो. डॉक्टर रोज येतात आणि माझ्याशी न बोलता त्याच्याशी बोलतात. माझ्या रागाला माझ्यापेक्षा बळ आहे, हे मला या वयात कळले, आणि ते आपल्यामुळे कळले.

११. सबब विनंती की, तिकिटे देता येत नसतील तर देऊ नका. हस्तिनापूर राहू द्या. धनुबाईंची समजूत मी काढीन. एका कागदावर एकच ओळ लिहून द्या की हीराबाई छाजेड त्या सहा रात्री त्या खोलीत होत्या. मराठीत लिहा, खाली स्वतःच्या नावाने सही करा, आणि तीस तारखेच्या आत पाठवा. नाव कळले म्हणजे क्षमा करायला मला माणूस तरी मिळेल.

आज उपवासाचा दिवस आहे. तेरा महिन्यांत हे मी घरात बोलले नाही, धनुबाईंना बोलले नाही, साध्वीजींनाही नाही. मला भूक लागली आहे.

आपल्या एका ओळीची वाट पाहणारी,

(सही)
हीराबाई बन्सीलाल छाजेड
शहादा, दि. २५ एप्रिल २०२५