पाऊणकी आणि माझं पान

७ नोव्हेंबर, शुक्रवार
चुकलं! मी बनवलेलं मोबाईलवरचं भरती-ओहोटीचं पान पूर्ण ओहोटी साडेसातला दाखवत होतं. पावणेआठला खाडीवर गेले, तर पाणी अजून उतरतच होतं. तीन आठवडे कोड लिहून ही शोभा.

कुंपणापलीकडची सुशीलाकाकी हसली. ओहोटीला खडकावरची कालवं (शिंपले) काढायला सहा बायकांना घेऊन जाते, शिक्षण तिसरी. तिने बोटांवर पाऊणकीचा पाढा मोजला— "आज तिथी दूज ना? दोनाची पाऊणपट दीड. दीडाक भरती. सहा तास मिळव, साडेसात. ता समुद्राचा. खाडयेत पाऊण तास घाल."

सव्वाआठ. अगदी बरोबर! बंदराचा तक्ता मी जसाच्या तसा खाडीला चिकटवला होता. काकीचा पाऊण तास कोडमध्ये घातला. पुण्याच्या ऑफिसात कुणाला सांगू, की माझी सगळ्यात हुशार सहकारी आचऱ्यात लुगडं खोचून फिरते?

८ नोव्हेंबर
काकीच्या सुनेच्या, दीपिकाच्या मोबाईलवर पान घालून दिलं. महिनाभर रोज काकीला वेळ विचारायची, पानाशी ताडायची. जुळत राहिलं तर गावाला देईन. चूक परवडायची नाही. खडकापर्यंत जाताना मधला चर लागतो. ओहोटीनंतर तासाभरात तो ओलांडून परतायला हवं, नाहीतर अडकलात.

१५ नोव्हेंबर
आठ दिवसांत फार तर दहा मिनिटांचा फरक. बाई आहे की पंचांग!

२२ नोव्हेंबर
काल देवदिवाळी झाली. काकी आता मिनिटांत बोलते. "आठ वाजान तेरा मिनिटां." पूर्वी पाव तासाच्या खाली उतरायची नाही. पानावरही आठ तेराच. एवढं जुळल्यावर भीतीच वाटते. मीही काकीला काहीतरी शिकवलं म्हणायचं, उगाच कॉलर ताठ.

५ डिसेंबर
ऑफिसचं काम लवकर संपलं. कोड जरा नीटनेटका केला. पान पण देखणं दिसतंय.

६ डिसेंबर, शनिवार
सकाळी पानावर नऊ. काकी— "नऊ." जुळलं, म्हणून मी खुशीत चहा ठेवला.

साडेनऊला ओरडा ऐकून खाडीवर पळाले. चरात पाणी छातीपर्यंत चढलेलं. बायका एकमेकींचे हात धरून येत होत्या, काकी सगळ्यात मागे, शेवटची बाई पार होईपर्यंत थांबलेली. त्यांच्यातल्या कार्मीनबायची टोपली वाहून गेली. काकीचा गुडघा कालवांनी फाडला. मी नुसती काठावर उभी.

"म्हातारे, आज तुझा गणित चुकला गो," कार्मीनबाय धापा टाकत म्हणाली. काकीने गुडघ्यावर पदर दाबून धरला.

७ डिसेंबर
सापडलं. परवा कोडची आवराआवर करताना पाऊण तास दोन ठिकाणी राहिला. दोनदा मिळवला जात होता. एक काढून टाकला. ओहोटी सव्वाआठलाच होती. मी सहा बायकांना बुडवणार होते.

पण काकीचं कसं चुकलं? तिच्या डोक्यात तर माझा कोड नाही.

८ डिसेंबर, सोमवार
माफी मागायला गेले. दीपिका म्हणाली, "आई सकाळी माझो मोबाईल मागान घेतत. माका वाटलां, फोटो बघतत."

काकीने तिला चहा करायला आत पाठवलं. मग हळूच म्हणाली, "देवदिवाळेपासून तिथी ध्यानात रवत नाय गो माझ्या. तुझा बरोबर येता, म्हणान तांच सांगलंय. बायकांका कळला तर माझ्यावांगडा खडकार येवच्यो नाय."

म्हणजे पंधरा दिवस मी माझं गणित माझ्याच गणिताशी ताडून बघत होते. आणि खुश होत होते. रडूच आलं. काकीनेच पाठीवर हात फिरवला.

"आणि पाऊणकी?" मी विचारलं.

"ती खंय जातली? पाढो आसा. तिथीच नाय."

९ डिसेंबर
सकाळी मोबाईल घरात ठेवला. कॅलेंडर बघून कुंपणाशी गेले. टोपल्या घेऊन बायका उभ्याच होत्या. "काकी, आज पंचमी," एवढंच म्हटलं, सहज बोलल्यासारखं.

ती डोळे मिटून पुटपुटली. "पावणेचार... पावणेधा... साडेधा."

घरी येऊन पान उघडलं. दहा अठ्ठावीस.