अमेरिकेनं कोरलेला बांध

तीर्थस्वरूप चिंतामणदादांना धाकट्या चुलतभावाचा, ज्योतिबाचा दंडवत.

लोणंदच्या थंडीत गुडघा काय म्हणतो? वहिनींचं तेल चोळत जा. आपल्या दोघांच्या रानातल्या बांधाची तुम्ही सरकारी मोजणी मागितल्याची नोटीस पोचली. सोमवारी मोजणीदार येतोय म्हणे. त्याबद्दल शेवटी लिहितो.

आधी माझी फजिती ऐका. गावच्या व्याख्यानमालेत मला 'अमेरिका आणि तिचे शेजारी' हा विषय दिला. (पुण्याचा वक्ता ऐनवेळी आला नाही, पण मी इतिहासाचा मास्तर होतो हेही खरंच.) मी अमेरिकेची सालं काढली. अठराशे तेवीस साली तिच्या अध्यक्षानं युरोपला बजावलं, की आमच्या शेजारात परक्यानं पाय ठेवायचा नाही, इथलं आम्ही बघून घेऊ. आणि बघितलं काय, तर पंचवीस वर्षांत मेक्सिकोचं निम्मं रान गिळलं. पुढे कालवा हवा म्हणून कोलंबियातून पनामाला वेगळं व्हायला हात दिला. क्युबाला स्पेनपासून सोडवलं आणि तिच्याच दारात तळ ठोकला, तो अजून हललेला नाही. वर म्हणायचं, शेजाऱ्याच्याच भल्यासाठी केलं. चोर तो चोर, वर शिरजोर.

लोकांना नीट कळावं म्हणून दाखला दिला, की दरसाल नांगरताना बांध वीतभर कोरायचा आणि शेजारी बोलला की त्यालाच भांडखोर ठरवायचं, तशातली ही गत. इथं घात झाला. अध्यक्षस्थानी केरबा होता. (तीन बाजूंचे बांध खाल्लेला माणूस, तुम्ही जाणताच.) त्यानं माईक ओढला, "गुरुजी, नाव घिऊन बोला की. अमेरिकेला कशाला मधी घालताय?" मी सावरतोय तोवर बायकांतून दगडाबाई उठली. "आवं, केरबाचं ऱ्हाऊ द्या. चिंतामणदादाच्या बांधावरली बाभळ तुमच्या उसाच्या मधी कशी आली? चालत आली व्हय?"

मंडप हसायचा थांबेना. शाल केरबानंच पांघरली आणि मी नारळाविना घरी आलो. अडाणी लोकांपुढे जगाचा इतिहास सांगू नये, हे मला आता पटलं आहे. वहिनींना नमस्कार.

आपला,
ज्योतिबा

ता. क. मोजणीचा अर्ज तेवढा मागे घ्या. घरच्या गोष्टीत परक्यानं पाय कशाला ठेवायचा? तुमच्या रानाचं आम्ही बघून घेऊ.

ता. क. २. बाभळ काल तोडली. तुमच्या पिकावर सावली पडत होती, म्हणून तुमच्याच भल्यासाठी.