जवळ कोण होतं

३ मार्च, सोमवार

सकाळपासून सात तक्रारी. चार पार्किंगच्या, दोन पंख्याच्या, एक विचित्र.

विचित्र पत्र एका शिंप्याचं आहे. वहीचा कागद, अक्षर टीप मारल्यासारखं सरळ. बायको आमच्याच हॉस्पिटलात होती, दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खाटेवर. अठरा फेब्रुवारीला दुपारी वारली. त्या वेळी त्यांना तपासणीच्या फॉर्मवर शिक्का आणायला खाली पाठवलं होतं. पन्नास मिनिटांनी वर आले तर पडदा ओढलेला. शेवटी लिहितात, "माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. ती गेली तेव्हा तिच्याजवळ कोण होते, एवढेच कळवावे."

तक्रार नाही तर तक्रार विभागाला पत्र कशाला? पण आलं की नोंद करावीच लागते. उत्तरांचे आमच्याकडे नऊ नमुने आहेत. जवळ कोण होतं, याचा नमुना नाही. मग नमुना चार पाठवला — "आपल्या भावनांची आम्हांस पूर्ण जाणीव आहे." तो मीच लिहिलाय, सहा वर्षांपूर्वी. आमच्या ह्यांनी शुद्धलेखन तपासून दिलं होतं. मास्तर आहेत, घरातही लाल पेन खिशात असतं.

१० मार्च

शिंप्याचं परत पत्र. एकच ओळ. "आपले पत्र मिळाले, उत्तर मिळाले नाही."

आधी राग आला. मग हसू. मग दोन्ही गेलं आणि काय राहिलं ते कळेना.

साहेबांना दाखवलं. म्हणाले, पंधरा दिवसांत फाइल बंद व्हायला हवी. तारीख बदला आणि पुन्हा नमुना चार पाठवा.

११ मार्च

दुसऱ्या मजल्यावर गेले. सहा वर्षं तक्रारींना उत्तरं देतेय, वॉर्डात पाय ठेवायची ही दुसरी वेळ. पहिल्यांदा गेले होते ती पंखे मोजायला.

सिस्टर औषधांची गाडी ढकलत ढकलतच बोलली. त्या दुपारी बावीस पेशंट आणि ती एकटी. जोडीची रजेवर. पावणेतीनला तिने शिंप्याच्या बायकोची नाडी पाहिली, ठीक होती. तेवढ्यात समोरच्या म्हाताऱ्याला धाप लागली, तिकडे धावली. तीन वीसला परत आली तेव्हा सगळं संपलेलं. पडदा तिनेच ओढला. शेजारची खाट रिकामी होती.

म्हणजे जवळ कुणी नव्हतं.

मी लिहून घेत होते तर तिने गाडी थांबवली. "लिहा ना, मी होते म्हणून. हात धरला होता म्हणून लिहा. काकांना तेवढंच समाधान."

"आणि चौकशी झाली तर?"

"कसली? समाधानाची?"

तिचे पाय सुजले होते. सँडलचा पट्टा सैल सोडलेला. हे मी कशाला लिहितेय कोण जाणे.

१३ मार्च

लिहिलं. "अखेरच्या क्षणी आमच्या सिस्टर आपल्या पत्नीजवळ होत्या. त्यांनी हात हातात घेतला होता. आपल्या पत्नी शांतपणे गेल्या." ह्यांना वाचून दाखवलं. लाल पेन उघडून बसले होते, पण एकही खूण केली नाही. म्हणाले, छान झालंय. खरं आहे का, ते मात्र विचारलं नाही.

१४ मार्च

पत्र अजून पर्समध्येच.

१७ मार्च, सोमवार

साहेबांना विचारलं, जे झालं तेच कळवू का. म्हणाले, "जवळ कुणी नव्हतं" असं लेटरहेडवर लिहून द्याल, उद्या कोर्टात तोच कागद आपल्यासमोर नाचवतील. मग दुसरं काही लिहू का? तेही नको. नमुना चार.

दुपारी शिंपी स्वतःच आले. सत्तरीचे असतील. इस्त्रीचा शर्ट, गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. खुर्चीच्या टोकावर बसले. पर्स टेबलावरच होती. पत्र काढून हातात दिलं असतं तर पाच मिनिटांत मोकळी झाले असते. तोंड उघडलं आणि भलतंच निघालं.

"काका, कुणी नव्हतं."

मग सगळंच सांगितलं. बावीस पेशंट, धाप, तीन वीस. ते गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. मी ओरडण्याची वाट पाहत होते. ओरडणाऱ्यांचं मला जमतं, त्याचा नमुना दोन आहे. पण ते ओरडलेच नाहीत. म्हणाले, सिस्टरला कुणी बोलू नका. मग बायकोचं सांगत बसले. चाळीस वर्षं त्यांच्याच दुकानात काजं-बटणं करायची. काकांचं मशीन थांबलं की मान वर करून बघायची, एवढा वेळ का थांबलं म्हणून.

"मला सारखं वाटतं, तिनं मान वर केली असेल," म्हणाले. "तेव्हा कुणी दिसलं का तिला, इतकंच विचारायचं होतं."

पाणी दिलं. ते अर्धं प्यायले, ग्लास रुमालाने पुसून ठेवला.

ते उठले तेव्हा मी विचारलं, एका शिक्क्याला पन्नास मिनिटं कशी लागली? तीन नंबरची खिडकी बंद होती, म्हणाले, आणि गेले.

१८ मार्च

तीन नंबरवर कोण होतं ते बघायला ड्यूटी रजिस्टर काढलं. निदान एकाला तरी जाब विचारता येईल! जरा उत्साहातच होते.

अठरा फेब्रुवारी. खिडकी तीन. नेहमीचा क्लार्क रजेवर. त्याच्या जागी — सही माझी.

सगळं आठवलं. अडीच ते तीन जेवणाची सुट्टी, पाटी लावलेली. डबा पंधरा मिनिटांत संपला. उरलेल्या वेळात शब्दकोडं. काचेवर कुणीतरी टकटक केलं. मी मान वर न करता पाटीकडे बोट दाखवलं. तीन वाजले तरी एक आडवा शब्द सुटेना, म्हणून आणखी दहा मिनिटं पाटी तशीच ठेवली.

शब्द सुटला होता. कुठला, ते आठवत नाही.

२० मार्च

साहेबांना सांगितलं. म्हणाले, सुट्टी नियमातच होती, दहा मिनिटांचं कोण बघतंय. शिवाय माणूस भेटून गेला म्हणजे फाइल बंद. माझं कौतुकही केलं.

जेवताना ह्यांना सांगितलं. पत्रातलं खोटंही सांगितलं. मग म्हणाले, मी येऊ का बरोबर? कुठे जायचं ते मी बोललेच नव्हते.

नको म्हटलं.

२३ मार्च, रविवार

दोन बस बदलून गेले. शिंपीकाका दुकानात एकटेच, मशीनवर. पायरीवरूनच सांगितलं — खिडकीत मी होते.

त्यांनी हातातली टीप पुरी केली, दोरा तोडला.

"माहीत आहे, बाई. तुमच्या खोलीत आलो तेव्हाच ओळखलं."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणी नव्हतं म्हणताना तुमचा चेहरा एवढासा झाला होता. त्यात आणखी हे कुठे सांगू?"