चेंबरवरची हाक

बुधवार, दुपारची सुट्टी

प्रिय भाऊजी,

वहिनीचे आशीर्वाद. आम्ही दोघी ठीक आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालते. पत्ता तुमच्या टोळीतल्या लंबूनं काढून दिला, त्याच्यावर रागावू नका.

सासूबाईंना ऐकू कमी येतं, पण त्यांच्याबद्दल कुणी कुजबुजलं की बरोबर ऐकू येतं. तुमची खाट अजून खिडकीशीच आहे. तिच्यावर वाळलेले कपडे पडून असतात.

मोठी बातमी म्हणजे मी आता गाडी चालवते. गटाराची चेंबरं साफ करायला सरकारनं यंत्राच्या गाड्या दिल्या आणि या कामात ज्यांची माणसं गेली त्या बायकांना आधी शिकवलं. बूट इतके मोठे की आत चिंध्या कोंबते. दांडा ढकलला की लोखंडी पंजा खाली जातो आणि गाळ घेऊन वर येतो. माणूस उतरवायचाच नाही, असा हुकूम आहे.

सवय मात्र जात नाही. तुमच्यात वरचा हाक मारायचा, "आहेस का?" खालचा म्हणायचा, "आहे." उत्तर नाही आलं की दोर ओढायचा. पहिल्याच दिवशी पंजा सोडला आणि माझ्या तोंडून गेलं, "आहात का?" उत्तर येईना, म्हणून घाबरून तो रिकामाच वर ओढला. मुकादमानं कपाळाला हात लावला. "बाई, लोखंड बोलतं होय?" तेव्हापासून मी हाक मारली की लंबू शेजारून ओरडतो, "आहे हो वहिनी, आहे!" सगळे हसतात. मीही हसते.

काल आम्हाला छापखान्यामागच्या गल्लीत पाठवलं.

बूट नि दांडे सांगत बसले, पण लिहायला घेतलं ते यासाठीच. तेच चेंबर, भाऊजी, ह्यांचं शेवटचं. झाकणाचा कोपरा तसाच तुटका आहे. मुकादम म्हणाला, "दुसऱ्या कुणाला बसवतो." मी म्हटलं, मीच करते.

आधी वायू मोजणारी डबी तारेनं सोडतात. ती निम्म्यावरही गेली नाही तोच किंचाळू लागली. मुकादमानं आकडा दोनदा बघितला. मग म्हणाला, "हे चेंबर पहिल्यापासून असंच. इथं माणूस एका श्वासात आडवा होतो. वरच्याला कळेपर्यंत संपलेलं असतं."

पंजाच सोडायचा होता. तरी हाक मारली. खालून "आहे" आलं. दमल्यावर हे म्हणायचे तसं, जरा लांबवून. मी पंजा सोडला. वळून बघते तर लंबू पार गल्लीच्या तोंडाशी, रहदारी अडवून उभा.

मला भास झाला म्हणा, वेड लागलं म्हणा. पण मी तो आवाज ओळखते, तुम्हीही ओळखाल. भीती वाटली आणि बरंही वाटलं. घरी येऊन हळूच सांगितलं, तर ऐकू न येणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "धाकट्याला कळवलंस का?"

म्हणून कळवते. त्या दिवशी दोर तुमच्या हातात होता, या एका गोष्टीपायी तुम्ही घर सोडलंत. तुम्ही वेळेवर ओढला होता, भाऊजी. वेळच नव्हती. हे मी तुमच्या मनाची समजूत घालायला लिहीत नाही, ती डबी माझ्यासमोर किंचाळली आहे.

खाटेवरचे कपडे मी आज उचलले.

आहात का?

उत्तर आलं नाही, तर दोर ओढायला मी स्वतः येईन.

तुमची,
वहिनी