काजळीच्या काचा

आष्टा,
१६ जानेवारी १९७४

प्रिय विजयमाला,

तुझी दोन पत्रं आली आणि दोन्हींना मी उत्तर दिलं नाही. फार उशीर झाला, राग धरू नकोस. तुझी आई रोज टोचते, “आवं, लेकीला कळवा की, तोंड शिवलंय का तुमचं?” मी मराठी तिसरी शिकलेला, पण तेवढंच कारण नाही.

पाणी उकळून पितेस ना? जतकडची थंडी कोरडी, खोकला झालाय का? पंचवीस तारखेला साहेब शाळा बघायला येणार, पोरं कमी दिसली तर शाळा बंद होईल असं तू लिहिलंस, तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. मेंढपाळांची पोरं चित्रांसाठीच येतात, हे मी श्रावणात स्वतः पाहिलंय. खिडक्यांना घोंगडी लावून तू पेट्रोमॅक्सच्या उजेडापुढं काच धरून भिंतीवर केवढी मेंढी दाखवलीस. एक पोरगी उठून तिच्या पाठीवरून हात फिरवून आली. दारातला सिद्धू म्हातारा म्हणाला, “बाई, मेंढी लय झ्याक, पण हिची लोकर कवा कातरायची?” सगळा वर्ग हसला. मला तुझा अभिमान वाटला, पण तेव्हा बोललो नाही.

लहानपणी घरातल्या कंदिलाची काच तूच पुसायचीस. तुझा हात बारीक, मनगटापर्यंत आत जायचा. तू गेल्यापासून ते काम माझ्याकडे आलं. रोज दिवेलागणीच्या आधी मी राख आणि चिंधी घेऊन बसतो.

दिवाळीत तू चित्रांच्या काचांची पेटी इथं ठेवून गेलीस. तुझं पत्र आलं तशी मी ती उघडली. वीसही काचा काळ्याकुट्ट. डोळ्यांत मोतीबिंदू, उजेडाकडे धरून बघायचं सुचलं नाही. वाटलं, दिव्याची काजळी बसलीय, लेकीला स्वच्छ करून पाठवू. राखेनं घासून लख्ख केल्या. तुझी आई म्हणाली, “काळ्यातच सुईनं चितरं काढली होती न्हवं तिनं?” तेव्हा मी एक काच उजेडाकडे धरली, तर आरपार कोरी.

हे सांगायलाच पत्र लिहितोय. चिमणीच्या धुरावर सगळ्या काचा पुन्हा काळ्या केल्या. दाभणानं मेंढी, मोट, बाभळ अशी सात चित्रं काढली. मेंढीचे कान बैलासारखे झालेत. तुझं ते माणसाचं काळीज आणि धरण मला जमेना. तेरा काचा कोऱ्या काळ्याच राहिल्यात. पोरांच्या हाती सुई देऊन त्यांवर त्यांच्याकडूनच चित्रं काढून घेतलीस तर साहेब रागावतील का? मला त्यातलं कळत नाही. पेटी जतच्या गाडीवरच्या गुंडा कंडक्टरकडे दिलीय, मांडीवर घेऊन बस म्हणून सांगितलंय. काचा धड पोचल्या का, पोरं आली का, आणि तू माझ्यावर रागावलीस का, एवढं कार्डावर लगेच लिही. मी रोज पोस्टात जाऊन बसेन.

तुझाच,
आबा