मुरलेल्या सिगारची प्रतवारी

दारव्हा
१४ नोव्हेंबर २००५

प्रिय श्रीकृष्ण,

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकला असशील. सात वर्षं एक ओळ न लिहिणाऱ्या माणसाचं पत्र म्हणजे काहीतरी वाईटच असणार, असं वाटून तू ते बाजूला ठेवू नयेस म्हणून चांगली बातमी आधी सांगतो. मी जिंकलो. अपिलाचा निकाल परवा हातात आला. ‘सदर ग्रेडरने केलेली कापसाची प्रतवारी अचूक होती’ असं त्यात स्वच्छ लिहिलंय. कौसल्येने ते वाक्य मला तीनदा वाचायला लावलं आणि चौथ्यांदा मी कोणी न सांगताच वाचलं. आणि काल भर दुपारी, अंगणात खाट टाकून, मी तू दिलेला सिगार ओढला.

हो, तोच. चौऱ्याण्णवच्या दिवाळीत जहाजावरच्या तुझ्या मेव्हण्याने दोन आणले होते. एक तू त्याच संध्याकाळी जिनिंगच्या ओट्यावर पेटवलास. मीही एक झुरका घेतला आणि जीभ अशी पोळली की दोन दिवस मला वरणही तिखट लागलं. दुसरा तू माझ्या खिशात खोचलास. मेव्हण्याच्या मते ही वस्तू जितकी मुरेल तितकी चांगली. ‘तुले हेड ग्रेडर करतीन त्या दिवशी ओढजो,’ असं तू म्हणाला होतास. हेड ग्रेडर काही मला कोणी केलं नाही. चार वर्षांनी जे केलं ते तुला माहीत आहे, पण मला आज सगळं लिहायचं आहे, तेव्हा निमूट वाच.

त्या साली खरेदी केंद्रावर वरून तोंडी हुकूम होता की ‘सुपर’, म्हणजे सगळ्यांत वरची प्रत, लिहायचीच नाही. पावसाने सगळ्यांचाच कापूस मार खाल्लेला. पण फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा रूपसिंग कापसाने भरलेली बंडी घेऊन आला तेव्हा मी हात घातला आणि हात बाहेर काढावासाच वाटेना. दव उडाल्यावर वेचलेला, पानकचरा निवडून टाकलेला. मी धागा ओढून पाहिला आणि लिहिलं, लांबी एकोणतीस मिलिमीटर, कोरडा, सुपर. केंद्राच्या साहेबांनी बंडीजवळ न जाता त्या मालाला ‘कवडी’ ठरवलं, म्हणजे सगळ्यांत खालचा, टाकाऊ माल. माझी प्रतवारी चुकीची ठरवणाऱ्या पंचनाम्यावर दुसऱ्या ग्रेडरची सही लागते. ती तू केलीस. त्या कापसाचा नमुना लाखेने सील झाला आणि माझी रवानगी बारदानाच्या कोठीत झाली. सव्वीस वर्षं ज्या बोटांच्या जिवावर भाकरी खाल्ली, ती बोटं खोटी ठरली. मला बाकी काही नको होतं रे. माझं बोट खरं आहे, एवढंच कोणीतरी लिहून द्यायला हवं होतं, म्हणून अपील केलं.

कौसल्या त्या दिवशी सिगार चुलीत घालायला निघाली होती. मी घालू दिला नाही. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. उलट मी त्याची बडदास्त जास्तच ठेवायला लागलो. त्याआधीच एक गाढवपणा करून बसलो होतो. कापसाचा माणूस मी, जपायची वस्तू म्हटली की गुंडाळ रुईत! पहिल्याच मे महिन्यात त्या कोरड्या रुईने पानातली सगळी ओल शोषून घेतली आणि सिगारच्या अंगावर बोटभर चीर पडली. बाजारातला पानठेलेवाला नागोराव पोट धरून हसला. ‘काका, दुसऱ्याच्या कापसातली ओल तुमाले बोटानं समजते, अन घरातली काहून नाही समजली?’ मग त्याच्याच सल्ल्याने सिगार स्टीलच्या डब्यात गेला, शेजारी ओल्या विटेचा तुकडा, आणि डबा माठाखालच्या गार वाळूत. विटेला उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी, पावसाळ्यात अजिबात नाही. मी कोठीत धूळ खात असताना घरात तो डबा मात्र राजासारखा राहिला.

तर कालचा कार्यक्रम. आधी पाहणी. रंग जुन्या सागाच्या फळीसारखा, वर किंचित तेलाची झाक. अंगठ्याने दाबलं तर दबून परत वर आला, म्हणजे ओल बरोबर. वास घेतला. पेटवण्याआधीच वाळलेल्या मोहफुलांचा वास आला आणि मी कौसल्येलाही नाक लावायला लावलं. टोक कापायला तिचा अडकित्ता घेतला, त्याबद्दल बोलणी खाल्ली. पहिला झुरका सवयीने बिडीसारखा छातीत ओढला आणि मरता मरता वाचलो. ‘घ्या, अजून सुपर घ्या!’ असं ती म्हणाली आणि पाणी आणायला गेली, हसत हसत. किती दिवसांनी हसली म्हणून सांगू!

मग धूर तोंडातच घोळवायला शिकलो. श्रीकृष्णा, तो जिभेला चावणारा जाळ कुठे गेला होता कोण जाणे! आधी भाजलेल्या शेंगदाण्याची चव, मग मागून गुळाचा पाक कढत असल्यासारखं काहीतरी. राख दीड इंच धरून राहिली, पडेचना. आत लांब पानं असल्याशिवाय राख अशी धरत नाही. आखूड धाग्याचं सूत काय धरणार? चिरेपाशी एक बाजू भराभर जळायला लागली, तेव्हा ती बाजू खाली फिरवून धरली, मग सावकाश सरळ झाली. शेवटच्या दोन बोटांत कडवटपणा आला, तिथे थांबलो. माझा शेरा असा: रंग उत्तम, ओल योग्य, लांबी भरपूर, चिरेचा दोष ठेवणाऱ्याचा, मालाचा नव्हे. प्रत सुपर. खाली सही केली आणि कागद कौसल्येकडे दिला. सात वर्षांनी केलेली पहिली प्रतवारी! तिने तो निकालाच्याच पाकिटात ठेवला.

आता सुनावणीचं. साहेबांचे वकील निवांत होते, कारण सात वर्षं पडलेला कापूस पिवळा पडतो, कसर लागते, मग कुठला सुपर आणि कुठली कवडी! कोठाराचं छप्पर दोन पावसाळे गळलं आणि इतर सगळे नमुने काळे पडले, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. वकिलांनी सील फोडलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. लाखेचे तुकडे टेबलावर पडल्याचा आवाज आला, तेव्हा वळून पाहिलं. पांढराशुभ्र, श्रीकृष्ण! कालच बोंडातून काढल्यासारखा. प्रयोगशाळेच्या यंत्राने लांबी सांगितली एकोणतीस पूर्णांक दोन. साक्षीला आलेला रूपसिंग उभा राहून म्हणाला, ‘साहेब, माह्या कापसाले कवडी म्हनलं होतं, आता त्याईले पांढरा रंग दिसते का नाही ते इचारा.’ त्याला खाली बसवायला दोन माणसं लागली. माझ्यात ते बळ नव्हतं, मी रडत होतो.

पत्र मात्र यासाठी लिहिलेलं नाही. बाहेर आल्यावर कोठाराचा शिपाई धावजी माझ्यामागे आला. तो म्हणाला की माझा नमुना कोठारात इतरांसोबत नव्हताच. सील तसंच ठेवून तो पत्र्याच्या पिंपात, चुन्याच्या पुरचुंड्या आणि कडुनिंबाच्या पाल्यात घालून कोणीतरी कोरड्या माळ्यावर ठेवला होता. पाला याच वर्षीचा होता. ‘तुमचे दोस्त दर साली मृगाच्या आधी येतेत, पाला बदलतेत अन चालले जातेत. रिटायर झाल्यावरबी यवतमाळहून यष्टीनं आले. मले म्हनलं, धम्मरत्नले सांगू नको.’ त्याने सांगितलं, मी ऐकलं. तू ती सही का केलीस, हे मला अजून समजलेलं नाही आणि ते मी माफही केलेलं नाही. ते मी तुला तोंडावर विचारणार आहे. रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. माझ्या नजरेसमोर यायला लाजून घरातून निघून जाशील म्हणून आधी कळवतोय. घरीच राहा. भांडून झाल्यावर मी तुझ्याकडेच जेवणार आहे. रजनीवहिनींना सांगून ठेव.

तुझाच,
धम्मरत्न